कापडाची वीण

कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक शिरलें कीं त्याची पहिली दृष्टि जाते ती रंगाकडे आणि दुसरी किंमतीकडे. गिऱ्हाईक जरा जाणतें असलें तर सूत किती नंबरचें, रंग पक्का कीं कच्चा, पहिल्या धुण्यांत कापड आटेल किती, हे प्रश्न तें विचारतें. आणि फारच चोखंदळ असलें तर कापडाचा कोपरा मुठींत चुरगाळून पाहतें. परंतु या कापडाची वीण कोणती, हा प्रश्न दुकानदाराला क्वचितच ऐकावा लागतो. वस्तुतः कापड किती टिकेल, किती चमकेल, अंगावर कसें पडेल आणि खिळ्याला अडकलें तर किती फाटेल, यांपैकीं बऱ्याच गोष्टी सुताइतक्याच विणीवर अवलंबून असतात. एकाच गिरणीचें, एकाच नंबरचें आणि एकाच पिळाचें सूत तीन मागांवर चढवावें. एकावर धोतरासारखें साधें कापड उतरेल, दुसऱ्यावर विजारीला शोभेल असें भरदार कापड उतरेल, आणि तिसऱ्यावर हात फिरवितांच निसटून जाईल असें गुळगुळीत कापड उतरेल. सूत तेंच, बदलली ती धाग्यांची वरखालीं जाण्याची रीत.

मागावर लांबीच्या दिशेनें ताणून बसविलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि धोट्याबरोबर आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे कांहीं धागे वर उचलले जातात, कांहीं खालींच राहतात. मध्यें जी फट पडते तिच्यांतून धोटा या कडेहून त्या कडेला जातो. फणी पुढें येऊन नवा धागा आधींच्या धाग्याला भिडविते. मग उचललेले धागे खालीं बसतात, दुसरे वर येतात आणि धोटा परत फिरतो. विणकामाची यंत्रें कितीही बदललीं, हातमागाच्या जागीं यंत्रमाग आला, अगदीं अलीकडे धोट्याची जागा हवेच्या किंवा पाण्याच्या झोतानें घेतली, तरी हा क्रम मोडलेला नाहीं. कोणत्या खेपेस ताण्याचे कोणते धागे वर असावयाचे, एवढाच काय तो प्रश्न. त्याचें उत्तर विणकर चौकटींच्या कागदावर मांडतो. मुलांच्या गणिताच्या वहीसारखा तो कागद असतो. उभी रांग ताण्याच्या एका धाग्याची, आडवी रांग बाण्याच्या एका धाग्याची. जेथें ताणा वर आला तें घर काळें करावयाचें, जेथें बाणा वर आला तें कोरें ठेवावयाचें. अशा काळ्यापांढऱ्या घरांचा जो लहानांत लहान तुकडा पुढें पुन्हां पुन्हां येत राहतो, तेंच त्या विणीचें आवर्तन.

येथें एक खुलासा केलेला बरा. मराठींत स्वेटरही विणतात आणि साडीही विणतात. परंतु हे दोन उद्योग मुळांतच भिन्न आहेत. स्वेटर किंवा बनियन एकाच धाग्याचे फांस एकमेकांत ओवून तयार होतें, म्हणूनच तें ताणलें जातें आणि एक टांका सुटला तर उसवत जातें. ताण्याबाण्याच्या कापडाची गोष्ट निराळी, आणि प्रस्तुत विषय तेवढाच आहे.

सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी ती साधी वीण. बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून जातो, दुसऱ्याखालून जातो, पुन्हां तिसऱ्यावरून. पुढल्या खेपेस याच्या बरोबर उलट. दोन उभे आणि दोन आडवे धागे एवढ्यांत आवर्तन पुरें होतें. टोपली विणणाऱ्या हातांना ही रीत माग जन्माला येण्यापूर्वींच ठाऊक असली पाहिजे. मोहेंजोदारोच्या उत्खननांत चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा लहानसा तुकडा मिळाला. धातूच्या क्षारांनीं त्याचें रक्षण केलें, एरवीं चार हजार वर्षांहून अधिक काळ कापूस या हवेंत टिकावयाचा नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत त्या तुकड्याची परीक्षा टर्नर व गुलाटी या दोघां शास्त्रज्ञांनीं मुंबईस माटुंग्याच्या कापूस-प्रयोगशाळेंत केली. तो खऱ्या कापसाचाच होता, आणि त्याची वीण हीच साधी वीण होती. सिंधूकांठच्या त्या वस्त्रांत आणि आज खिशांत असलेल्या सुती रुमालांत विणीपुरता तरी कांहींच फरक पडलेला नाहीं.

या विणींत प्रत्येक धागा दर पावलाला शेजाऱ्याच्या कवेंत सांपडलेला असतो. त्यामुळें धागे जागचे हालत नाहींत, आणि अगदीं बारीक सुताचें विरळ कापडही सांवरून राहतें. ढाक्याच्या मलमलीला हीच वीण पेलली, आणि तागाच्या किंतानालाही हीच वीण लागते. वस्त्रांच्या दोन टोंकांना इतकें जवळचें नातें असावें याचें प्रथम नवल वाटतें. पण या घट्टपणाची किंमतही द्यावी लागते. धागा सारखा वरखालीं वळत असल्यामुळें दोन धाग्यांमध्यें जागा सोडावीच लागते, आणि म्हणून एका इंचांत बसतील तितके धागे दडपून कापड भरदार करण्याला लवकरच मर्यादा पडते. साध्या विणीच्या कापडाला चुण्याही लौकर पडतात. शिवाय तें फाटतें तेंही विशिष्ट रीतीनें. लाँगक्लॉथचा वार मोजून झाला म्हणजे दुकानदार कात्रीनें जरासा छेद देतो आणि दोन्ही हातांनीं झटका देऊन कापड टर्रकन सरळ रेषेंत फाडून देतो. सूत कच्चें असतें म्हणून तें फाटतें असें नव्हे. धागे आपापल्या जागीं जखडलेले असल्यामुळें ते एकमेकांच्या मदतीला धांवूं शकत नाहींत. हाताचा सारा जोर एकेका धाग्यावर पडतो आणि ते एकामागून एक तुटत जातात. ड्रिलचें कापड तोच दुकानदार शेवटपर्यंत कात्रीनें कापतो, याचें कारण पुढें येईल.

साध्या विणीचीं रूपें मात्र पुष्कळ, आणि तीं बहुतेक सारीं धाग्यांची संख्या व जाडी बदलून मिळालेलीं आहेत. बाण्याच्या मानानें ताण्याचे धागे पुष्कळ अधिक घेतले म्हणजे कापडावर आडव्या बारीक शिरा उमटतात, तें पॉपलिन. जाड, दुहेरी पिळाचें सूत घट्ट ठोकून विणलें कीं कॅनव्हास. पिळदार बारीक सूत सुटसुटीत विणलें कीं वॉइल. ताण्याचे दोन आणि बाण्याचे दोन धागे जोडीजोडीनें चालविले तर बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें स्पष्ट दिसूं लागतात. घराघरांतून ज्यावर फुल्यांचा कशिदा काढतात तें मॅटीचें कापड या जातीचें. कशिदा काढणारीला घरें मोजतां येतात तीं या जोडीमुळेंच, आणि मॅटी साध्या कापडापेक्षां लुसलुशीत लागते तीही त्यामुळेंच.

रंगाचे चौकडे आणि पट्टे यांना पुष्कळ लोक वीण समजतात. ती समजूत बरोबर नाहीं. चौकड्यांचा पंचा हा रंगीत धाग्यांचा खेळ आहे, वीण साधीच असते. मात्र एक रंगखेळ असा आहे कीं त्याला साध्या विणीवांचून पुरता रंग चढत नाहीं. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला तर साध्या विणींत दोहोंनाही पृष्ठभागावर सारखाच वांटा मिळतो. म्हणून कापड हललें कीं कधीं एक रंग वर येतो, कधीं दुसरा. रेशमांत ही जादू विशेष खुलते. धूपछांव म्हणतात ती हीच. तिरकस किंवा साटीन विणींत एका रंगाचें पारडें जड होतें आणि हा लपंडाव मंदावतो.

साध्या विणीविषयीं शेवटची गोष्ट घरधनिणीच्या उपयोगाची आहे. धागे कमी घालून विरळ विणलेलें कापडसुद्धां भरपूर खळ दिली कीं दुकानांत भारदस्त दिसतें. दोन धाग्यांमधलीं रिकामीं भोंकें खळीनें बुजलेलीं असतात. पहिल्या धुण्यांत ती खळ वाहून जाते आणि हातीं चाळणी उरते. गडद कापडावर कोपरा चोळून पाहावा. पांढरी पूड झडली, किंवा उजेडाकडे धरल्यावर चोळलेली जागा एकाएकीं विरळ दिसूं लागली, तर कापडाच्या नांवाखालीं पिष्टाचेंही वजन विकत घेतलें जात आहे असें समजावें.

दुसरी वीण तिरकस. इंग्रजींत तिला ट्विल म्हणतात. येथें धागा एकावरून न जातां दोघां-तिघांवरून जातो आणि मग एकाखालून किंवा दोघांखालून. इतकेंच करून भागत नाहीं; दर खेपेस हा क्रम एक घर बाजूला सरकवावा लागतो. त्या सरकण्यानेंच कापडावर तिरप्या रेघा उमटतात. यासाठीं निदान तीन धाग्यांचें आवर्तन लागतें, म्हणजे मागावर ताणा उचलणाऱ्या चौकटीही साध्या विणीच्या मानानें अधिक लागतात. ताणा आणि बाणा सारखेच दाट असतील तर रेघ पंचेचाळीस अंशांत चढते. ताणा अधिक दाट केला तर ती उभी होत जाते. गॅबर्डिनच्या कोटाची रेघ अशी चांगली उभी असते. तिरपी रेघ मध्येंच उलट फिरविली, पुन्हां सुलट केली, कीं माशाच्या कण्यासारखी नक्षी तयार होते. थंडीच्या कोटांचें हेरिंगबोन तें हेंच.

या विणींत धागा कमी वेळां वळतो, म्हणून एका इंचांत अधिक धागे मावतात आणि कापड जाड असूनही लवचिक राहतें. फाडूं गेलें तर धागे थोडेसे सरकून एकत्र गोळा होतात आणि जुटीनें जोर सोसतात. दुकानदाराच्या हाताला ड्रिल दाद देत नाहीं तें याच कारणानें. थंड मुलखांतील लोकांना या विणीचें मोल फार पूर्वीं कळलें. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथील मिठाच्या प्राचीन खाणींत खाणकऱ्यांच्या लोकरी कापडाचे जे तुकडे मिठामुळें टिकून राहिले, त्यांत तिरकस विणीचे नमुने विपुल आहेत. शिपायाची खाकी, कामगाराचा पोशाख, शाळकरी मुलाची अर्धी चड्डी, जेथें जेथें कापडाला घांसणी फार तेथें तेथें ही वीण आली.

आज जगाच्या पाठीवर तरुणांच्या अंगावर जें निळें जाड कापड दिसतें, तें डेनिमही तिरकस विणीचेंच. त्याच्या नेहमींच्या विणींत ताण्याचा धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. ताणा निळीनें रंगविलेला, बाणा पांढरा. म्हणून बाहेरची बाजू निळी आणि आंतली फिकी. विजारीचा पाय दुमडला कीं हें कोणालाही दिसेल. डेनिम हें नांव फ्रान्समधील नीम या शहरावरून पडलें असें सर्वसाधारणपणें मानतात. पण त्याचा एक नातेवाईक मुंबईचा आहे. जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजींत डंगरी हा जो शब्द मिळाला तो हिंदुस्थानांतून गेला, आणि कोशकार त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरी भागाशीं जोडतात. मूळचें डोंगरी कापड साध्या विणीचें होतें. पुढें तें नांव निळ्या तिरकस विणीच्या कामाच्या पोशाखाला जाऊन चिकटलें. कापडांच्या जगांत असें वारंवार घडतें. नांव राहतें आणि वीण बदलते. आणि नुसत्या नांवावर भरंवसून खरेदी करणारा फसतो.

तिरकस विणीलाही एक खोड आहे. सर्व रेघा एकाच दिशेला चढत असल्यामुळें कापडांत एका बाजूचा ओढा राहतो, आणि धुतल्यावर विजारीचा पाय हळूहळू पिळा घेऊं लागतो. यावर उपाय म्हणून कांहीं कारखानदार रेघ दर दोन धाग्यांनीं मोडून उलट फिरवितात. तुटक तिरकस वीण ती हीच. तिच्यांत रेघ स्पष्ट दिसत नाहीं, पण पाय सरळ राहतो.

तिसरी मूळ वीण साटीनची. तिरकस विणींत जी रेघ दिसते ती मुळीं दिसूंच नये, आणि पृष्ठभाग एकसंध चमकावा, हा तिचा हेतु. रेघ दिसते कां, तर धाग्यांचे बंध एकमेकांना खेटून येतात म्हणून. तेव्हां ते बंध एकमेकांपासून दूर पसरावयाचे. पांच धाग्यांचें आवर्तन घ्यावें. पहिल्या ओळींत बंध पहिल्या धाग्यावर पडला, तर दुसऱ्या ओळींत तो तिसऱ्यावर घ्यावा, मग पांचव्यावर, मग दुसऱ्यावर, मग चौथ्यावर. दर खेपेस दोन घरें पुढें गेलें कीं पांचही धाग्यांना एकेक बंध मिळतो आणि कोणतेही दोन बंध एकमेकांना खेटून येत नाहींत. आठ धाग्यांत तीन-तीन घरांनीं चालावें. परंतु सहा धाग्यांत हा खेळ साधत नाहीं. दोन घरांनीं चाललें तर तिसऱ्या पावलाला मूळ जागीं परत येतें, तीन घरांनीं चाललें तर दुसऱ्याच. आणि एकेक घर सरकावें तर पुन्हां तिरकस वीणच हातीं लागते. ज्याला गणितांत सामायिक अवयव म्हणतात तोच येथें आडवा येतो. अंकगणिताचें पुस्तक न उघडलेल्या विणकरांनीं हा नियम मागावर बसून शोधून काढला आहे.

साटीनचा धागा चार घरें किंवा सात घरें मोकळा पडून राहतो. त्या लांब धाग्यांवरून उजेड न अडखळतां परततो, म्हणूनच ती चमक. तीच मोकळीक पुढें नडते. अंगठीचा खडा, बांगडीची कड, खुर्चीची चूक, कशांतही तो धागा अडकतो आणि ओढला जातो. रोजच्या वापराला साटीन घेऊन तिच्या टिकाऊपणाविषयीं तक्रार करणें म्हणजे तिच्यावर अन्यायच.

या विणीचा सर्वांत बुद्धिमान उपयोग केला तो मशरू विणणाऱ्यांनीं. इस्लामी परंपरेंत पुरुषानें निव्वळ रेशमी वस्त्र अंगाला लावणें निषिद्ध मानलें गेलें होतें. पण रेशमाची हौस तर होती. तेव्हां ताणा रेशमाचा घेतला, बाणा कापसाचा घेतला, आणि वीण साटीनची योजिली. साटीनमध्यें एका बाजूला जवळजवळ सर्व ताणाच दिसतो आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सर्व बाणा. बाहेरून पाहणाऱ्याला झगझगीत रेशीम दिसे आणि अंगाला मऊ सूत लागे. मशरू या शब्दाचा अर्थच मुळीं धर्मशास्त्राला संमत असा आहे. साध्या विणींत ही युक्ति साधली नसती, कारण तेथें रेशीम व कापूस दोन्ही बाजूंना निम्मेनिम वांटले गेले असते. गुजरातेंत पाटण आणि कच्छांतील मांडवी येथें मशरू अद्याप विणला जातो. मात्र पाटणला आतां ताण्यांत रेशमाऐवजीं बहुधा रेयॉन असतो. औरंगाबादेसही तो विणीत असत. त्याच शहराचा हिमरू हा मशरूचा सोबती. त्यांत मूळ जमीन सुती, आणि तिच्यावर रेशमाचा जादा बाणा घालून वेलबुट्टी उठविलेली. हा जादा बाणा नक्षी नसेल तेथें पाठीमागें मोकळा पडतो आणि त्या मोकळ्या धाग्यांचा थर हिवाळ्यांत उबेचें काम करतो. दौलताबादेस राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलखाबरोबर ही कला दक्षिणेंत आली असें तेथील विणकर सांगत आले आहेत.

या तीन विणींपलीकडचे प्रकार एवढ्याशा वेळांत नुसते उल्लेखूनच सोडावे लागतील. जुन्या सुती मच्छरदाणींत ताण्याचे दोन धागे एकमेकांना पीळ घालून बाण्याला पकडीत. म्हणून जाळी मोकळी असूनही तिचीं घरें सरकत नसत. सोलापुरी टॉवेलांत ताणे दोन असतात, एक ताठ आणि एक सैल. फणीनें बाण्याचे धागे एकदम पुढें ढकलले कीं सैल ताण्याचे फांस वर उठतात, आणि तेच अंगावरचें पाणी शोषतात. मोठी नक्षी काढावयाची तर ताण्याचा प्रत्येक धागा स्वतंत्रपणें उचलतां आला पाहिजे. पूर्वीं हें काम मागावर बसलेला मदतनीस दोऱ्या ओढून करी. फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डनें १८०४ सालीं त्याच्या जागीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ आणली. भोंक असेल तेथें धागा उचलावा, नसेल तेथें उचलूं नये. चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणनयंत्रासाठीं हीच कल्पना उसनी घेतली, आणि आजच्या संगणकाच्या पूर्वजांत मागाची गणना होऊं लागली.

परंतु नक्षीची एक रीत अशी आहे कीं तिला जॅकार्डचे पुठ्ठे लागत नाहींत, लागतात तीं फक्त बोटें. आणि महाराष्ट्राला तिचें विशेष अगत्य असलें पाहिजे. पैठण आणि येवलें येथील पैठणीच्या पदरावर जो मोर दिसतो तो कापडावर जादा धागा घालून काढलेला नसतो. तो मोर म्हणजेच कापड. जमीन साध्या विणीचीच. पण बाण्याचा धागा या कांठापासून त्या कांठापर्यंत जात नाहीं. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो आणि परत फिरतो, पंखाचा हिरवा पंखापुरता, आणि भोंवतालची जर जरीपुरती. प्रत्येक रंगाची निराळी लहान कांडी असते. दोन रंग जेथें भेटतात तेथें त्यांचे धागे एकमेकांत अडकवून घेतात, नाहीं तर त्या जागीं फट राहील. एका ओळींत अशा कितीतरी कांड्या हातांनीं फिरवाव्या लागतात, तेव्हां बाण्याची एक ओळ पुरी होते. दाट नक्षीच्या पदरावर दिवसभराचें काम इंचांतच मोजावें लागतें, आणि एका साडीला कित्येक महिने जातात.

काश्मीरच्या कानी शालीची रीत हीच, फरक एवढाच कीं तेथें जमीन तिरकस विणीची असते. पेशवाईंतल्या मानाच्या शालजोड्या ज्या मुलखांतून येत, तेथील कारागीर ओळीओळीचा हिशेब एका सांकेतिक लिपींत लिहून ठेवीत. तिला तालीम म्हणतात. एकानें ती मोठ्यानें वाचावयाची, अमक्या रंगाचे इतके धागे, तमक्याचे इतके, आणि बाकीच्यांनीं त्याप्रमाणें कांड्या फिरवावयाच्या. शालीवरचें फूल अशा रीतीनें आधीं कानांनीं ऐकलें जाई आणि मग डोळ्यांना दिसे.

आज बाजारांत पैठणी म्हणून जें विकलें जातें तें सर्वच या विणीचें नसतें. जॅकार्ड लावून जादा बाण्यानें मोर उठविलेल्या साड्या येवल्यासही हातमागावर होतात. त्या सुंदर असतात, त्यांतही श्रम असतात, आणि त्या ब्रोकेड म्हणून विकल्या तर त्यांत गैर कांहींच नाहीं. यंत्रमागावर कृत्रिम रेशमाच्या साड्याही हजारोंनीं निघतात, आणि ज्या घराला तेवढीच परवडते त्या घरानें ती नेसावी. तक्रार आहे ती एकाच नांवाखालीं तिन्ही एकाच कपाटांत घडी घालून ठेवण्याविषयीं. महिन्यांचें काम आणि तासांचें काम समोरासमोर ठेवून गिऱ्हाईक नुसता रंग पाहतें. स्वस्त साडी सारखीच दिसते असें त्याला वाटतें. आणि कांड्या फिरविणाऱ्याच्या मुलाला बापाचा धंदा करणें म्हणजे खुळेपणा वाटूं लागतो. हातमागाच्या रक्षणासाठीं संसदेनें १९८५ सालीं कायदा करून कापडाचे कांहीं प्रकार हातमागासाठीं राखून ठेवले; प्रारंभीं ते २२ होते, पुढें ११ उरले. साडी त्यांत आहे. पण प्रत्येक दुकानाच्या दाराशीं कायद्याला उभें राहतां येत नाहीं.

गिऱ्हाइकाला मात्र पदर उलटा करून पाहतां येतो. त्याला भिंगही लागत नाहीं आणि दुकानदाराची परवानगीही. जादा बाण्याची नक्षी असली तर पाठीमागें मोराच्या जागीं धाग्यांचा गुंता असतो, किंवा मोकळे धागे कापून टाकल्याचीं खुरटीं टोंकें बोटांना लागतात. कांहीं ठिकाणीं ती बाजू झांकण्यासाठीं अस्तरही शिवलेलें असतें. बोटांनीं अडकवीत विणलेल्या पैठणीला अशी झांकण्याजोगी बाजूच नसते. तेथें पाठीमागेंही तोच मोर असतो, तोच निळा गळा, तितकीच रेखीव चोंच; फक्त पुढल्या बाजूस तो डावीकडे पाहत असला तर मागल्या बाजूस उजवीकडे पाहतो.